आईचे दुखणे, रात्रीची चिडचिड आणि समर्पणाची प्रार्थना

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"मी ५१ वर्षांची, अविवाहित असून अहिल्यानगर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. सव्वा वर्षापूर्वी आईला पक्षाघात झाला आणि तेव्हापासून ती अंथरुणाला खिळून आहे. दिवसा एक बाई येते, रात्र माझी असते. थोरला भाऊ पुण्यात सुवार्तेच्या सेवेत आहे. आईच्या खर्चाचा विषय काढला की 'मी तर सर्वस्व प्रभूला वाहिले आहे' एवढेच म्हणतो. आमच्या प्रार्थना सभेतील एक वडीलधाऱ्या बाई सांगतात की माझ्यातला 'मी' अजून मेलेला नाही, म्हणून मला शांती नाही. रात्रीसाठी माणूस ठेवणे म्हणजे अविश्वास, नोकरी सोड आणि आपला वधस्तंभ उचल. मी रोज रात्री गुडघे टेकून 'प्रभू, मी माझे सर्वस्व तुला दिले' असे म्हणते, आणि तीन वाजता आईने पुन्हा हाक मारली की तिच्यावर ओरडते, मग रडते. शेजारच्या काकू रविवारी बसायला तयार आहेत, पण आई माझ्याच हातचे जेवते म्हणून मी त्यांना नाही म्हणते. उपासनेला जाऊन कित्येक महिने झाले. देवाने आम्हा दोघींपैकी एकीला न्यावे, असेही एकदोनदा मनात येऊन गेले. माझे समर्पण खोटे आहे का?"

प्रिय ताई,

नाही, तुमचे समर्पण खोटे नाही. पुढे जे लिहिणार आहे त्यातले काही तुम्हाला कदाचित पटणार नाही, म्हणून हे आधीच आणि निःसंदिग्धपणे सांगून ठेवते.

पहाटे तीनची गोष्ट आधी घेऊ, कारण तुम्ही स्वतःवर जो आरोप ठेवला आहे त्याचा सगळा पुरावा त्या वेळेतलाच आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला अंथरुणावर जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. माकडहाड, टाचा आणि नितंबांची हाडे यांवर सतत दाब राहिला की तेथली कातडी आधी लाल होते आणि मग फाटते. ओले झालेले कपडे बदलणे, चादर ओढून सरळ करणे, पाठ कोरडी करून पुन्हा उशी लावणे हे त्याच्या जोडीला असतेच. रुग्णालयात हे काम परिचारिका आणि आया पाळ्या लावून करतात, आणि एक पाळी संपली की घरी जाऊन झोपतात. तुम्ही तेच काम एकट्याने, सव्वा वर्ष, रात्रीमागून रात्र करत आहात आणि सकाळी शाळेच्या पहिल्या तासाला फळ्यासमोर उभ्या राहत आहात. अशा माणसाच्या तोंडून तीन वाजता जो शब्द निघतो तो न झोपलेल्या शरीराचा असतो. त्याबद्दल सकाळी आईची क्षमा मागावी, आणि ती तुम्ही मागत असालच. पण त्या एका शब्दावरून आपल्या विश्वासाचा निकाल लावू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. देवाला स्वतःला वाहून देणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला आपल्यापाशी येशूने पकडले जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रार्थनेत काढलेल्या रात्रीहून अधिक भरवशाची जागा नाही. 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे' हे शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतात, पण त्याआधीचे वाक्य आपण फार घाईने ओलांडतो. 'हा प्याला माझ्यापासून दूर कर,' असे प्रभू आधी म्हणाला. म्हणजे त्याची एक इच्छा होती, ती त्याने लपवली नाही, बापापुढे स्पष्ट शब्दांत मांडली, आणि मांडून झाल्यावर ती बापाच्या हाती दिली. मला काहीच नको, मला काहीच वाटत नाही, असे तो कुठेही म्हणालेला नाही. 'माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे,' असे मात्र त्याने शिष्यांना मोकळेपणाने सांगितले. मत्तय आणखी एक तपशील नोंदवतो, जो तुमच्यासारख्या रोज रात्री तीच प्रार्थना करणाऱ्या माणसाने जपून ठेवावा असा आहे. येशूने तीच गोष्ट बोलत तिसऱ्यांदा प्रार्थना केली. देवाच्या पुत्रालाही एका रात्रीत ते एकदा म्हणून भागले नाही. मग रात्री दिलेले सकाळी पुन्हा हातात आलेले दिसले, तर ते पुन्हा द्यावे. लूकच्या शुभवर्तमानात वधस्तंभ उचलण्याच्या आज्ञेला 'दररोज' हा शब्द जोडलेला आहे तो उगीच नाही.

त्याच बागेत त्याने आणखी एक गोष्ट केली, आणि तिच्याकडे तुमच्या प्रार्थना सभेचे दुर्लक्ष झालेले दिसते. त्याने पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना बरोबर नेले आणि माझ्याबरोबर जागे राहा म्हणून विनवले. ते झोपले, ही त्यांची दुर्बलता. परंतु मागणे हे प्रभूचे होते. पूर्ण समर्पणाच्या घटकेला त्याने माणसांची सोबत मागितली, आणि त्यामुळे त्याच्या समर्पणात काही उणे राहिले असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

तेव्हा 'रात्रीसाठी माणूस ठेवणे म्हणजे अविश्वास' हे म्हणणे पवित्र शास्त्राला धरून नाही, असे मी जबाबदारीने लिहिते. वधस्तंभाचा दाखला द्यायचाच असेल तर तो पुरता द्यावा. गुलगुथा या वधस्थळाच्या वाटेवर येशूचा स्वतःचा वधस्तंभ कुरेनेकर शिमोनाने वाहिला. शेतातून येणाऱ्या त्या परक्या माणसाला शिपायांनी वेठीला धरले, आणि प्रभूने त्याचा खांदा नाकारला नाही. आणि त्याच वधस्तंभावरून, प्राण जायला थोडाच अवकाश उरला असताना, त्याने आपल्या आईची व्यवस्था लावली. 'पाहा, ही तुझी आई,' असे प्रिय शिष्याला सांगितले, आणि योहान लिहितो की त्या वेळेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. आईला दुसऱ्याच्या हाती सोपवणे हे त्याला बापाच्या इच्छेविरुद्ध वाटले नाही. ज्या बाई तुम्हाला एकटीने वाहायला सांगतात त्यांची श्रद्धा खरी असेल, त्यांचे वयही मानाचे आहे. तरी या बाबतीत त्यांचा सल्ला चुकीचा आहे आणि तो तुम्ही पाळू नये.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगते, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये तिच्यावरून फार माणसे दुखावली गेली आहेत. आपण स्वतःला देवाला देतो तेव्हा ते देवाला देतो. देवाच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाला देत नाही. पंडिता रमाबाईंचा दाखला आपल्या मराठी ख्रिस्ती माणसाला दूरचा नाही. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाला असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर काय मानावे, कोणाला शिकवावे आणि कोणाच्या आज्ञेत राहावे यावरून त्यांचे त्या भगिनींशी आणि धर्माधिकाऱ्यांशी खटके उडू लागले, तेव्हा त्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डीन यांनी त्यांच्यावर अहंकाराचा ठपका ठेवला. रमाबाईंनी १८८५ मध्ये त्यांना पत्राने उत्तर दिले. त्याचा आशय असा होता की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, माझे मन आणि माझा निर्णय आहे, आणि देवाने जे करण्याची शक्ती मला दिली आहे ते मी स्वतः विचार करूनच केले पाहिजे. हे वाचून कोणी म्हणेल की या बाईंमधला 'मी' मेला नव्हता. पण याच रमाबाईंनी पुढे दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली शोधून केडगावला आणल्या, त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभारले आणि त्यांच्यातच आयुष्य वेचले. आपल्या साक्षीत त्यांनी असेही प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त मात्र सापडलेला नाही. आणि त्यानंतर त्या जशा होत्या तशा त्याला शरण गेल्या. आठ वर्षे लागली, आणि ती शरणागती कोणा माणसाच्या दडपणाखाली झाली नाही. म्हणूनच पुढे तिच्यावर केडगावचे एवढे मोठे काम उभे राहू शकले, असे माझे मत आहे.

तुमच्या पत्रात 'मी स्वतःला किती मारू?' हे शब्द नाहीत, पण प्रत्येक ओळीमागे तोच प्रश्न आहे. गलतीकरांस लिहिताना प्रेषित पौल म्हणतो की मी ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळलेला आहे, आणि ह्यापुढे मी जगतो असे नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो. प्रार्थना सभांमध्ये बहुधा येथेच पूर्णविराम दिला जातो. वचन मात्र तेथे संपत नाही. पौल पुढे लिहितो की माझे आताचे देहातले जीवित देवाच्या पुत्रावरील विश्वासाने आहे, ज्याने माझ्यावर प्रीती केली आणि स्वतःला माझ्याकरता दिले. ज्याच्यावर प्रीती केली तो 'मी' त्या वाक्याच्या शेवटीही शाबूत आहे. रोमकरांस लिहिताना तोच पौल आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून समर्पण करायला सांगतो. जिवंत म्हणजे झोपणारे, जेवणारे, थकणारे, आजारी पडल्यावर औषध घेणारे शरीर. देवाला वाहिलेल्या वस्तूची हेळसांड करायला आपल्याला परवानगी नाही, आणि तुमचे शरीरही आता त्याला वाहिलेले आहे.

मग तुमच्याकडून देवाला काहीच नको आहे का? आहे, आणि तेथे मला थोडे कठोर लिहावे लागेल. शेजारच्या काकू रविवारी बसायला तयार असताना तुम्ही नाही म्हणता, कारण आई माझ्याच हातचे जेवते. हे वाक्य मी तुमच्या पत्रात परत परत वाचले. आईला तुमच्या हातची सवय झाली आहे हे खरेच असणार, आणि पहिल्या दोन रविवारी ती तोंड फिरवेल, कदाचित अर्धी वाटी पेजच पोटात जाईल. तेवढ्याने तिचे काही बिघडणार नाही. परंतु आपल्यावाचून हिचे चालायचे नाही, ही भावना शिणलेल्या माणसाला फार बळ देते आणि हळूहळू त्याची मालमत्ता होऊन बसते. सगळे जण सोडून गेले, मी एकटी उरले, हा अभिमान दुःखातून आलेला असतो म्हणून तो अभिमान आहे हे ओळखता येत नाही. सभेतल्या बाई ज्या 'मी'विषयी बोलत होत्या तो तुमच्या चिडण्यात नाही. तो असलाच तर या नकारात आहे. तुम्ही रोज रात्री सर्वस्व देता, त्यात हे एक द्यायचे राहून गेले आहे. येत्या रविवारी काकूंना हो म्हणा. आईला कसे उठवून, टेकवून बसवून भरवायचे, घास किती लहान करायचा, ठसका लागला तर काय करायचे, हे त्यांना शनिवारी एकदा समोर दाखवा, आणि रविवारी उपासनेला जा. पाळकसाहेबांना सांगितले तर ते आईसाठी प्रभुभोजन घरी घेऊन येतील, आणि त्या निमित्ताने मंडळीतल्या चार माणसांना तुमचे घर कोणत्या अवस्थेत आहे ते दिसेल.

भावाविषयी मला राग आला हे लपवत नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूने परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, ज्या गोष्टीवरून झाडले ती नेमकी हीच आहे: आईबापांना माझ्याकडून जे मिळायचे ते मी देवाला अर्पण केले, असे म्हटले की मुलगा जबाबदारीतून मोकळा, असा त्यांनी पाडलेला पायंडा. त्याने देवाचे वचन रद्द होते, असे प्रभूने तेथे स्पष्ट शब्दांत सुनावले. सेवेत असणाऱ्याने हा अध्याय शिकवला असेल, कदाचित त्यावर उपदेशही केला असेल. आपले समर्पण स्वतःच्या खर्चाने करायचे असते. बहिणीच्या झोपेतून त्याची किंमत चुकती करायची नसते. तरी त्याला लिहिताना हे शास्त्रवचन पहिल्या ओळीत घालू नका, तो लगेच वादाला उभा राहील. आधी हिशेब लिहा: रात्रीच्या बाईचा महिन्याचा पगार, औषधे, डायपर, हवेच्या गादीचे भाडे, फिजिओथेरपी, आणि त्यातला निम्मा वाटा किती होतो तो आकडा. मग महिन्यातून एक शनिवार-रविवार त्याने किंवा वहिनीने येऊन राहावे असे तारीख घालून विचारा. रागाचा एकही शब्द न लिहिता हे पत्र लिहिणे तुम्हाला जड जाईल, कारण त्याने आपली चूक कबूल करावी ही तुमची इच्छा आहे आणि ती रास्त आहे. पण ती कबुली या महिन्यात येणार नाही, कदाचित कधीच येणार नाही, आणि तिची वाट पाहणे तेवढे देवाच्या हाती सोपवता येते. आईचा खर्च मागणे सोपवायचे नाही; ते तुमच्या हातचे काम आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणासाठी २००७ साली झालेल्या कायद्यातही ही जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे. भावाला कचेरीत उभे करा असे मी सुचवत नाही. पण तुम्ही भीक मागत नाही आहात, हे लिहिताना मनात पक्के असावे.

नोकरीचा राजीनामा आत्ता देऊ नका. सोळाव्या शतकातल्या संत इग्नाशियस लोयोला यांनी आध्यात्मिक साधनेसाठी काही नियम घालून दिले, त्यांतला एक असा की मन उदास आणि कोरडे झालेले असताना आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्यांचे नाव फारसे निघत नाही, पण हा नियम सोन्यासारखा आहे. झोप पुरी झाल्यावर, भावाचे उत्तर आल्यावर, रात्रीची व्यवस्था लागल्यावर नोकरीचा विचार करता येईल. आणि तेव्हाही तुमच्या पगारातूनच आईचे औषधपाणी होते हे विसरता येणार नाही.

देवाने दोघींपैकी एकीला न्यावे, हा जो विचार मनात येऊन गेला म्हणता, त्याविषयी तुम्ही लाजेने एकच ओळ लिहिली आहे. मोशेने हेच देवाला तोंडावर म्हटले होते. इस्राएल लोकांना रानातून नेत असताना, गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात, तो विचारतो की या सगळ्या लोकांना मी जन्म दिला काय, की दाई तान्ह्या मुलाला उराशी धरते तसे मी यांना वाहावे? हा भार मला एकट्याला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. देवाने त्याला अविश्वासी म्हटले नाही, तुझ्यातला 'मी' मेला नाही असेही म्हटले नाही. त्याने लोकांमधली सत्तर वडीलधारी माणसे गोळा करायला सांगितले आणि म्हटले की ते तुझ्याबरोबर भार वाहतील, म्हणजे तुला एकट्याला तो वाहावा लागणार नाही. तेव्हा हा विचार पुन्हा आला तर एकट्याने सोसू नका. या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि झोप, भूक, रडू यांबरोबर हा विचारही त्यांना सांगा. रात्री अपरात्री तो जोर करू लागला तर टेली मानस या शासनाच्या मोफत मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते. फोन करणे हे प्रार्थनेच्या जागी नसते आणि प्रार्थनेच्या विरुद्धही नसते.

आता प्रार्थनेविषयी, कारण ती तुम्ही सोडू नये असे मला मनापासून वाटते. 'सर्वस्व दिले' हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा. ते फार मोठे आहे, आणि दमलेल्या माणसाला त्यात आपण नक्की काय दिले ते दिसत नाही, म्हणून सकाळी काय परत घेतले तेही कळत नाही. त्याऐवजी एकेक गोष्ट नाव घेऊन सांगा: आजची रात्र, दादाविषयीचा राग, आई पूर्वीसारखी चालेल ही आशा, जी डॉक्टरांनी फारशी दिलेली नसावी, चांगली मुलगी म्हणून गावात असलेले माझे नाव. जे देववत नसेल ते देववत नाही असे सांगा. तेराव्या स्तोत्राचा कर्ता 'हे कोठवर चालणार?' असे विचारतो आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरी ही दोन्ही गाणी देवाच्या लोकांनी उपासनेसाठी जपून ठेवली. तुमचा रागही त्या घरात चालतो. गुडघे दुखत असतील तर पलंगाच्या कडेला बसून प्रार्थना करा, दोन मिनिटे पुरेत, आणि त्यानंतर झोपा.

प्रार्थना सभेला काही आठवडे गेला नाहीत तरी चालेल. वडीलधाऱ्या बाईंना उत्तर द्यावेच लागले, तर त्यांचा मान राखून म्हणा, 'मावशी, रात्रीसाठी बाई ठेवली आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. आणि शक्य असेल तर महिन्यातून एक दुपार तुम्हीही आईपाशी येऊन बसा.' त्या आल्या, तर त्यांना कूस बदलायलाही हात लावू द्या.

भावाचे उत्तर आले की कळवा. आले नाही तरी कळवा.